डेसिल ग्लुकोसाइड वापरूनही अंग का ओढतं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही शिरोळ तालुक्यात बचत गटातर्फे बॉडीवॉश बनवता. सल्फेट नको म्हणून फेस करणारा घटक म्हणून डेसिल ग्लुकोसाइड आणलं. ‘नारळ आणि मक्यापासून बनतं, एकदम सौम्य, बाळालाही चालतं’ असं पुरवठादारानं सांगितलं. शंभर भागांत चाळीस भाग ते घातलं, बाकी बोअरचं पाणी, परसातली कोरफड, कडुलिंबाचा काढा, माल टिकावा म्हणून परिरक्षक, म्हणजे अर्धा टक्का सोडियम बेन्झोएट, आणि घट्ट व्हावं म्हणून मीठ. आता जावेचं अंग ओढल्यासारखं होतं, तिच्या मनगटावर खाज सुटते, तिच्या बाळाच्या डोळ्यांत गेलं तेव्हा ते खूप रडलं, आणि महिन्याभरात बाटलीला वास येऊ लागला. ‘माल भेसळीचा निघाला का?’ असं तुम्ही विचारलं आहे.

मी कोल्हापुरात शाम्पू, बॉडीवॉश, हँडवॉश यांचे फॉर्म्युले बसवण्याचं काम करते, आणि अशा तक्रारी माझ्याकडे बऱ्याचदा येतात. माल खोटा आहे की खरा हे बाटली न बघता सांगता येणार नाही. पण तुमच्या कृतीत पीएचचा (द्रव किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा: 7 मधला, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क) उल्लेख कुठेच नाही, आणि माझ्या मते तुमच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच आहे. माल अस्सल असला तरी या कृतीतून हेच निघालं असतं.

त्याआधी पुरवठादाराच्या वाक्याबद्दल बोलू, कारण त्यानं तुमची गाडी चुकीच्या रस्त्याला लागली. नारळापासून बनणं आणि सौम्य असणं यांचा एकमेकांशी थेट संबंध नाही. ज्या सोडियम लॉरिल सल्फेटला तुम्ही घाबरलात, तेही नारळाच्या किंवा पाम कर्नलच्या तेलापासून बनवता येतं, आणि बनतंही. खोबरेल तेलातल्या स्निग्धाम्लांपैकी जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्यापासून लॉरिल अल्कोहोल करतात. त्याला सल्फेटची जोड दिली की एसएलएस, आणि तशाच अल्कोहोलला मक्याच्या किंवा दुसऱ्या स्टार्चपासून काढलेलं ग्लुकोज जोडलं की ग्लुकोसाइड. दोघांचं आजोळ एकच, स्वभाव मात्र अगदी वेगळे. उलट बाजूनं रिठा घ्या. त्याच्या सालीत सॅपोनिन असतं, ते झाडानंच बनवलेलं, कुठल्याही कारखान्यात न गेलेलं. पण रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेल्यावर काय होतं ते आपल्याकडच्या प्रत्येक बाईला लहानपणापासून ठाऊक आहे. तेव्हा ‘वनस्पतीजन्य’ हा शब्द माल कुठून आला एवढंच सांगतो. कातडीवर तो कसा वागेल ते दुसऱ्या गोष्टींवर ठरतं.

फेस करणाऱ्या प्रत्येक रेणूला पाणी आवडणारं डोकं आणि तेल आवडणारी शेपटी असते. पाण्यात असे पुरेसे रेणू जमले की ते शेपट्या आत घेऊन गोळे करतात, त्यांना मिसेल म्हणतात. मळ आणि तेल या गोळ्यांच्या पोटात जातं. त्रास देतात ते प्रामुख्यानं सुटे फिरणारे रेणू. ते लहान असल्यानं कातडीच्या वरच्या थरात शिरतात, तिथल्या प्रथिनांना चिकटतात आणि कातडीचं स्वतःचं तेल ओढून काढतात. एसएलएसच्या डोक्यावर ऋण भार असतो, त्यामुळे तो केराटिनला, म्हणजे कातडीतल्या प्रथिनाला, घट्ट धरतो, आणि बारा कार्बनची शेपटी या कामात नेमकी वाईट. ग्लुकोसाइडच्या डोक्यावर भार नाही, डोकं साखरेचं आणि मोठं, म्हणून तो प्रथिनांशी फार झटापट करत नाही. एवढ्यापुरतं पुरवठादाराचं म्हणणं बरोबर आहे.

यातून कामाची एक गोष्ट निघते, ती नीट लक्षात घ्या. दोन वेगळ्या जातीचे सर्फॅक्टंट, म्हणजे फेस करणारे घटक, एकत्र आले की ते मिश्र गोळे करतात, आणि पाण्यात सुटे रेणू कमी उरतात. त्यामुळे नीट बसवलेलं मिश्रण पुष्कळदा त्यातल्या एकट्या घटकापेक्षा सौम्य ठरतं. एसएलईएसमध्ये (एसएलएसचा जरा सौम्य भाऊ, सोडियम लॉरेथ सल्फेट) योग्य प्रमाणात कोकामिडोप्रोपिल बेटेन (पुढे नुसतं ‘बेटेन’, हाही फेस करणारा घटक) घालून पीएच 5.5 ला बसवलेला साधा शाम्पू तुमच्या आताच्या ‘सल्फेट-फ्री’ बाटलीपेक्षा कातडीला मऊ लागेल, हे मी अगदी खात्रीनं सांगते. सल्फेटची बाजू घ्यावी म्हणून हे लिहीत नाही. सौम्यपणा तयार बाटलीचा मोजायचा असतो, एकट्या घटकाचा नाही, हे तुमच्या मनात पक्कं बसावं म्हणून लिहिते.

आता तुमचे चाळीस भाग. डेसिल ग्लुकोसाइड आपल्याला मिळतं ते साधारण 50 टक्के तीव्रतेचं, उरलेलं पाणी. म्हणजे चाळीस भागांत खरा माल वीस भाग. मोठ्या माणसाच्या बॉडीवॉशला मी एकूण 9 ते 12 टक्के धरते, तोंड धुण्याच्या उत्पादनाला त्याहून कमी. तुमच्या बाटलीत जवळजवळ दुप्पट आहे. सौम्य घटकसुद्धा दुप्पट झाला की अंगावरचं तेल धुऊन नेणारच. तुम्ही प्रमाण का वाढवलंत याचा अंदाज येतो: पातळ वाटत होतं आणि फेस एसएलएससारखा भसाभसा येत नव्हता. ग्लुकोसाइडचा फेस बारीक, दाट आणि जरा उशिरा येणारा असतो. त्याला आणखी माल हा उपाय नव्हे.

पीएचबद्दल जरा सविस्तर लिहिते. ग्लुकोसाइडचे बहुतेक ग्रेड 11.5 ते 12.5 पीएचला येतात. ड्रममध्ये माल सडू नये म्हणून उत्पादक तो मुद्दाम तिथे ठेवतात. काही पुरवठादार पीएच खाली आणलेला मालही विकतात, म्हणून तुमच्या लॉटचं सीओए, म्हणजे तपासणीचं प्रमाणपत्र, मागून घ्या. त्यात पीएच आणि तीव्रता दोन्ही लिहिलेलं असतं. जो पुरवठादार ते देत नाही त्याच्याकडून पुन्हा माल घेऊ नका. आपल्या कातडीचा पीएच साधारण 4.7 ते 5.5 असतो. अंगाचा नेहमीचा साबण 9-10 ला असतो, आणि तो धुतल्यावर अंग जसं ओढतं तसंच तुमच्या जावेचं ओढतंय. तुम्ही आम्ल कुठलंच घातलेलं नाही, तेव्हा तुमची बाटलीही 9 च्या पुढेच असणार असा माझा अंदाज आहे. अंदाजावर राहू नका, आजच पीएचची पट्टी लावून बघा.

बघायची पद्धत अशी. दाट द्रवात पट्टी बुडवली तर रंग नीट चढत नाही, म्हणून एक भाग बॉडीवॉश आणि नऊ भाग डिस्टिल्ड पाणी घ्या, हलकेच ढवळा, फेस बसू द्या, मग पट्टी. निळसर किंवा गडद हिरवी आली तर दुखणं सापडलं. पुढच्या बॅचला सायट्रिक आम्लाचं निम्मं-निम्मं द्रावण करून ठेवा आणि ते थेंबाथेंबानं घाला. सुरुवातीला वाटेल की काहीच होत नाही, पट्टी निळीच राहते. मग 9 च्या खाली आलं की दोन-चार थेंबांत ती भराभर हिरवी, पिवळसर होत जाते. नवीन माणूस इथे घाई करतो आणि 4 च्या खाली जातो. म्हणून या टप्प्यावर एकेक थेंब, दर थेंबानंतर दोन मिनिटं ढवळणं. साडेपाचच्या खाली आल्यावर बेन्झोएटमुळे वेग पुन्हा मंदावतो. 5 च्या आसपास थांबा. दुसऱ्या दिवशी परत मोजा, कारण पीएच थोडा सरकतो. विक्रीचा माल असेल तर पट्टीवर भागत नाही. साधा पीएच मीटर घ्या आणि तो वापरण्याआधी 4 आणि 7 च्या बफरला (ठरलेल्या पीएचचं तयार द्रावण) लावून घ्या.

वासाचं मूळही इथेच आहे. सोडियम बेन्झोएट स्वतः जंतू मारत नाही. आम्लात त्याचं बेन्झोइक आम्ल होतं, ते काम करतं. पीएच 4.5 ला त्याचा सुमारे एक तृतीयांश भाग कामाच्या रूपात असतो, 5 ला 14 टक्क्यांच्या आसपास, आणि 7 ला अर्धा टक्कासुद्धा नाही. तुमच्या बाटलीत अर्धा टक्का बेन्झोएट होतं, पण ते नुसतं पडून होतं. त्यात कोरफडीचा ताजा गर आणि कडुलिंबाचा काढा म्हणजे जंतूंना आयतं जेवण. कडुलिंब जंतुनाशक आहे म्हणून काढा टिकेल, असा समज मी पुष्कळ गटांत पाहते. नुसता काढा दोन दिवस ओट्यावर ठेवून बघा, तोच बुरसतो. कोरफड हवीच असेल तर कॉस्मेटिक दर्जाची पावडर किंवा परिरक्षक घातलेला अर्क घ्या, तोही थोडा. गिऱ्हाइकाला परसातल्या कोरफडीचं कौतुक असतं हे मला समजतं, पण एक मिनिटात धुऊन जाणाऱ्या बॉडीवॉशमध्ये त्या गराचा उपयोग जवळपास शून्य आणि धोका मोठा.

बोअरचं पाणी बंद करा. शिरोळ भागातली क्षारपड जमीन सगळ्यांना माहीत आहे, त्या पाण्यात क्षार भरपूर. एक गोष्ट ग्लुकोसाइडच्या बाजूनं सांगायला हवी: साबण जड पाण्यात कॅल्शियमशी मिळून पांढरा चिकट थर धरतो, फेस मरतो, तसं ग्लुकोसाइडचं होत नाही. त्यामुळे तुमच्याकडच्या पाण्यात आंघोळीला ते साबणापेक्षा बरंच. पण बाटलीत भरायचं पाणी निराळं. त्यातले धातूंचे अंश माल गढूळ करतात, सुगंध बिघडवतात, आणि जंतू तर येतातच. डीमिनरलाइज्ड पाणी कॅनमध्ये मिळतं, ते वापरा.

मिठानं घट्ट का झालं नाही? मीठ एसएलईएस-बेटेनसारख्या भार असलेल्या मिश्रणात काम करतं, कारण ते डोक्यांमधलं रेटणं कमी करतं आणि गोळे लांबट होऊन एकमेकांत अडकतात. ग्लुकोसाइडला भारच नाही, तिथे मीठ टाकलं काय आणि न टाकलं काय, सारखंच. झँथन गम, म्हणजे घट्टपणा आणणारी डिंकासारखी पावडर, वापरा. तो थेट पाण्यात टाकला तर गुठळ्या होतात, म्हणून आधी ग्लिसरीनमध्ये कालवून घ्यायचा.

एक किलोसाठी सुरुवातीची कृती देते, पुढे तुमच्या गिऱ्हाइकाप्रमाणे बदला. डेसिल ग्लुकोसाइड 120 ग्रॅम, बेटेन 100 ग्रॅम (हे साधारण 30 टक्के तीव्रतेचं येतं), ग्लिसरीन 30 ग्रॅम, झँथन 8 ग्रॅम, सोडियम बेन्झोएट 5 ग्रॅम, पोटॅशियम सॉर्बेट (दुसरं परिरक्षक) 3 ग्रॅम, सोडियम फायटेट किंवा ईडीटीए (धातूंचे अंश बांधून ठेवणारं) 1 ग्रॅम, बाकी डीमिनरलाइज्ड पाणी. एकूण खरा माल साधारण 9 टक्के होतो. आधी पाण्यात ईडीटीए, बेन्झोएट आणि सॉर्बेट पूर्ण विरघळवा, मग ग्लिसरीनमधला झँथन, तो फुलला की बेटेन आणि ग्लुकोसाइड, फेस येऊ न देता सावकाश. सायट्रिक सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा करून आम्लाच्या पाण्यात बेन्झोएट टाकलं, तर पांढरे कण तरंगायला लागतात. ते न विरघळलेलं बेन्झोइक आम्ल असतं. सुगंध नसला तर उत्तम, घालायचाच तर अगदी थोडा. हिवाळ्यात ग्लुकोसाइड गढूळ किंवा घट्ट दिसलं तर घाबरू नका, डबा कोमट पाण्यात ठेवा. आणि काम करताना हातमोजे व चष्मा घालाच: मूळ तीव्रतेचं ग्लुकोसाइड डोळ्यांत उडालं तर गंभीर इजा होऊ शकते.

इथून बाळाच्या डोळ्यांकडे येते. कातडीला सौम्य म्हणजे डोळ्यांना सौम्य असं नसतं. डोळ्यांना न झोंबणारे बेबी शाम्पू प्रामुख्यानं अँफोटेरिक (डोक्यावर धन आणि ऋण दोन्ही भार असू शकणाऱ्या) घटकांवर उभे असतात, त्यांचं एकूण प्रमाण कमी असतं, आणि पीएच अश्रूंच्या जवळ, म्हणजे 7 च्या आसपास ठेवलेला असतो. पण 7 ला तुमचं बेन्झोएट चालत नाही, मग परिरक्षकाची वेगळी व्यवस्था लागते, तिची तपासणी लागते. म्हणून माझं स्पष्ट मत: गटानं बाळांसाठी म्हणून काहीही विकू नये, लेबलवर ‘बाळांनाही चालेल’ असं लिहूही नये. तुमच्या पुतण्याला आता साधं कोमट पाणी पुरे. डोळे अजून लाल असतील तर डॉक्टरांना दाखवा.

जावेच्या मनगटावरच्या खाजेबद्दल जरा सावध राहून बोलते. कातडी कोरडी पडून चुरचुरणं आणि अॅलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी. पहिली प्रमाणावर अवलंबून असते: पातळ करा, पीएच सुधारा, कमी होते. दुसरी त्या माणसापुरती असते आणि कणभर मालानंही उठते. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसच्या संस्थेनं 2017 साली अल्किल ग्लुकोसाइड्सना ‘अॅलर्जन ऑफ द इयर’ जाहीर केलं होतं. ग्लुकोसाइड घातक आहे असा त्याचा अर्थ नाही, बहुतेकांना ते सोसतं. पण ज्याला सोसत नाही त्याला ‘नैसर्गिक आहे, तुझाच वहिम’ असं म्हणू नये, एवढं त्यातून घ्यावं. काही सनस्क्रीनमध्येही डेसिल ग्लुकोसाइड असतं, तिथेही लक्ष ठेवा. बेटेनच्या बाबतीत अॅलर्जीचा दोष बऱ्याचदा त्यातल्या उरलेल्या अशुद्ध अंशांकडे जातो, म्हणून स्वस्तातलं बेटेन घेऊ नका. जावेनं तीन-चार आठवडे ही बाटली पूर्ण बंद ठेवावी. खाज गेली नाही, किंवा नव्या सुधारलेल्या बॅचनंही परत आली, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट (कातडीवर पट्टी लावून अॅलर्जी कशाची ते बघण्याची तपासणी) करून घ्यावी. घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

कोण वापरणार यावरही बरंच अवलंबून आहे. शिरोलीच्या फौंड्रीतून घरी येणाऱ्या माणसाच्या हातावरची काजळी आणि ग्रीस तुमच्या नऊ टक्क्यांच्या बॉडीवॉशनं निघणार नाही. तो चारदा पंप दाबेल, मग सौम्यपणाचा हेतूच गेला. तालमीतल्या पोरांच्या अंगावर तेल आणि लाल माती, तीच गत. त्यांच्यासाठी वेगळं, थोडं तेज उत्पादन करा, आणि ते तसं आहे हे सांगून विका. रोज डोक्याला तेल लावणाऱ्या बायकांना नुसत्या ग्लुकोसाइडचा शाम्पू केस चिकट ठेवतो असं वाटतं, आणि पुष्कळदा ते खरं असतं. कोरडी कातडी, म्हातारी माणसं, दिवसातून दहा वेळा हात धुणाऱ्या नर्स यांच्यासाठी मात्र हे मिश्रण खरोखर चांगलं आहे. मी स्वतः तिथेच ते सुचवते.

नदीसाठी सल्फेट सोडलं, असंही तुम्ही लिहिलं आहे. भावना मोलाची आहे. आपलं सांडपाणी जयंती नाल्यातून पंचगंगेत जातं हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. ग्लुकोसाइड निसर्गात लवकर विघटित होतं हे खरंच. पण एसएलएसही होतं. हा फरक विक्रेते फुगवून सांगतात. नदीचं दुखणं प्रक्रिया न होता मिसळणाऱ्या पाण्याचं आहे. मला जास्त आशा वाटते ती सोफोरोलिपिडसारख्या घटकांची. ते यीस्ट साखर आणि तेल खाऊन आंबवण्याच्या प्रक्रियेत बनवतं, आणि त्यासाठी मोलॅसिसही चालू शकतं. ज्या जिल्ह्यात इतके साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्या आहेत तिथे कोणी हे मनावर घ्यावं असं फार वाटतं. सध्या ते महाग पडतं, तुमच्या बाटलीत घालण्यासारखं नाही.

शेवटचं, आणि हे टाळू नका. विकण्यासाठी बॉडीवॉश बनवायचा तर सौंदर्यप्रसाधन म्हणून अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो, 2020 च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे. बचत गटाला किंवा घरगुती प्रदर्शनाला सूट आहे असं लोक सांगतात, त्यावर विसंबू नका. स्वतःची जागा उभी करणं जड जात असेल तर परवाना असलेल्या कारखान्यात आपला माल बनवून घेता येतो, त्यासाठी लोन लायसन्सची सोय नियमांत आहे. लेबलवर सगळे घटक, बॅच नंबर, मुदत आणि पत्ता येऊ द्या. विक्रीआधी एका बॅचची जंतू तपासणी प्रयोगशाळेतून करून घ्या.

आता घरात असलेल्या बाटल्या. वास आलेल्या फेकूनच द्यायच्या. त्यात नंतर सायट्रिक किंवा जास्तीचं बेन्झोएट घालून वाचवता येत नाही, कारण वाढलेले जंतू आणि त्यांनी सोडलेली घाण तशीच राहते. त्याच बॅचच्या ज्या बाटल्या शेजारी-पाजारी दिल्या असतील, वास नसला तरी त्या फोन करून परत मागवा. नवी बॅच आधी अर्ध्या किलोचीच करा, एक बाटली खिडकीच्या उन्हात, एक फ्रीजमध्ये, एक कपाटात ठेवा आणि दर आठवड्याला पीएच व वास वहीत लिहा. दोन महिन्यांनी ते आकडे आणि पुरवठादाराचं सीओए इथे टाका, मी बघते.